गोगलगायीची बाजू

दिवाकर, जमिनीतलं पाणी पाहण्यात अख्ख्या नरखेड तालुक्यात माहा हात धरणारा कोणी नाही. माह्या सोताच्या वावरात म्या दोन बोर मारून घेतले, दोन्हीतून धूळ निघाली.

हे तुनंच पहिले सांगतलं होतं, नागपूरच्या पाहुण्यायसमोर, अन् सगळ्यात जास्त मीच हासलो होतो. आता तू नाही त मलेच सांगा लागते.

तुह्या शाळेवाल्यायनं तुहा कागद छापला. तू कधी जन्मला, किती साल विज्ञान शिकवलं, कोणत्या कोणत्या कमिटीवर होता, सगळं त्याच्यात हाय. फोटो बी हाय, पण चष्म्याशिवाय. मले पहिले वाटलं दुसराच कोणी गेला. घडीभर बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

ते छापून झालं म्हणून मी त्याच्यातलं काही सांगत नाही. अन् मले लिहता बी येत नाही. सही येते, पण दर खेपेले वेगळी येते. बँकेतली पोट्टी म्हणते, "काका, मागच्यासारखी करा," अन् मागची कशी होती ते मलेच मालूम नसते. आता मी बोलून राहिलो अन् माही सून लिहून राहिली. तिले म्हटलं, मी बोलतो तसंच लिही, सुधरवू नको. तिनं म्हटलं, "मामाजी, सुधरवाले बसली त दिवाळी उजाडन."

आपण दोघं एकाच दिवशी शाळेत गेलो. तू पुढं पुढं गेला, मी तिसरीतून म्हशीमागं गेलो. गावात म्हणतात, म्हशीपायी नथ्थूचं शिक्षण गेलं. म्हशीवर आळ नको. ती बिचारी बाहेर उभी होती, खिडकीतून उडी म्या मारली.

आता त्या विहिरीचं सांगतो. ज्यायले मालूम नाही त्यायच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. तू मध्ये बोलू नको. आता त तू बोलू बी नाही शकत. जिंदगीत पहिल्यांदा मले तुह्यासमोर पुरं बोलाले भेटून राहिलं, अन् मले मजा नाही येऊन राहिली.

दोन बोर कोरडे गेले त म्या ठरवलं, संत्र्याच्या बगीच्यात विहीरच खांदू. जागा मीच पायली. हातावर नारळ आडवा ठेवाचा अन् वावरभर चालाचं, जिथं नारळ उभा होते तिथं पाणी. माहा नारळ धुऱ्याच्या बांधाजवळ उभा झाला. तू तवा सुट्टीत गावात आला होता. तू म्हणे, "नथ्थू, नारळ उभा झाला कारण तुह्या पायात काटा रुतला." काटा रुतला होता, हे खरं हाय. पण नारळाले ते कसं कळलं?

खांदाले सुरुवात केली. काळी माती गेली, मुरूम गेला, मंग काळा दगड लागला. कॉम्प्रेसरनं भोकं पाडली, सुरुंग लावले. काळा दगड संपता संपत नव्हता. अन् एक दिवस क्रेनच्या डब्यातून पांढुरका दगड वर आला. काळ्या दगडाच्या मधोमध, हातभर जाडीचा एक थर, खाली पुन्हा काळाच. म्या तो दगड पाण्यानं धुतला अन् पायलं, त आतमध्ये शंख. नखाएवढे शंख. साबुदाण्यात शेंगदाणे असावे तसे भरलेले.

एक शंख निरखून पायला, त त्याचं तोंड उजवीकडे. दक्षिणावर्ती! देवघरात ठेवाले लोकं जो शोधत फिरतात तो. लाखात एक निघते म्हणतात. इथं एका दगडात मुठभर होते, अन् सगळेच उजवे.

मंग म्या दिमाग चालवला. माहं दिमाग चाललं का गावाले भोगा लागते. शंख हाय म्हणजे समुद्र होता. नरखेडले समुद्र कुठून आला? प्रलयातून आला. प्रलयात देव मासा झाला अन् राजाची नाव आपल्या शिंगाले बांधून ओढत नेली. दगडावर एक आडवी रेघ होती. ती दोराची खूण. झालं. देवाची नाव माह्या बगीच्यावरून गेली होती, अन् मी खाली पाणी शोधून राहिलो होतो!

दुसऱ्या दिवशी गाव गोळा झालं. दगड ट्रॅक्टरवर घालून वाजतगाजत मारुतीच्या पाराले नेला, निंबाखाली ठेवला, शेंदूर लावला. तवापासून दर चतुर्मासात मी तिथं प्रलयाची गोष्ट सांगतो. मी राजा होतो, मीच मासा होतो, पाणी बी मीच होतो. एक वर्षी मासा होता होता पारावरून खाली पडलो, त बायकायनं हात जोडले. त्यायले वाटलं गोष्टीतच हाय.

तुले कोणीतरी फोनवर सांगतलं. तू नागपूरजवळच्या बेसावरून, तुह्या घरून, मोटरसायकल घेऊन आला, भिंग घेऊन. पाराजवळ उकिडवा बसला, शेंदूर रुमालानं हळूच पुसला अन् पाहत राहिला. चहा थंडा झाला तरी पाहत राहिला. मी गर्वानं उभा. मले वाटलं, आता हा माह्या पाया पडते.

तू म्हटलं, "नथ्थू, ह्या गोगलगायी हायेत."

"काय?"

"गोगलगायी. तळ्यातल्या. गोड्या पाण्यातल्या."

"अबे, हा दक्षिणावर्ती शंख हाय! तुह्या बापानं पायला होता का?"

तू उठला. माहा हात धरला अन् हापशीच्या मागं नेलं, जिथं गावचं सांडपाणी जाते. पँट वर केली, नालीत हात घातला अन् एक जिती गोगलगाय काढून माह्या तळहातावर ठेवली. नखाएवढी.

"पाय. कोणीकडे वळली?"

उजवीकडे. म्या हात फिरवून पायला, मीच उलटा होऊन पायलं. उजवीकडेच. तू दुसरी काढली. ती बी उजवीकडे.

"ही जातच अशी वळते," तू म्हणे. "तवा बी अशीच वळे. आता सांग, याले काय म्हणतो? दक्षिणावर्ती नाली?"

हापशीवर पाणी भरत्या बाया हासल्या. मी सगळ्यायले सांगत फिरलो का मास्तरनं मले नालीत शंख दाखवला. गमतीची गोष्ट म्हणून सांगतली. पण त्या दिवशी घरी येऊन म्या देवघरातला शंख बी जरासाक निरखून पायला, हे तुले कधी नाही सांगतलं. आज सांगतो. तो डावा निघाला.

मंग तुनं मले समजावलं. तू समजावाले लागला का तुही भाषा शुद्ध होऊन जाये, मी लगेच सावध होवो. तू म्हणे, लय म्हणजे लयच जुन्या काळी इथली जमीन फाटली, आतून वितळलेला दगड निघाला, पसरला, थंडा झाला. तो आपला काळा दगड. त्याच्यावर पाऊस पडला, खड्ड्यात पाणी साचलं, तळं झालं. तळ्यात गोगलगायी झाल्या, त्यायची पोरं झाली, नातवं झाली. अन् मंग एक दिवस जमीन पुन्हा फाटली. तापलेला दगड पुन्हा आला, तळ्यावरून गेला. साडेसहा कोटी वर्षं झाली म्हणे.

"कोणी मोजली?" म्या इचारलं. "तवा तलाठी होता का?"

"दगडच सांगते."

"मले त नाही सांगत."

"तू बोलू देतो का त्याले?"

म्या म्हटलं, "म्हणजे प्रलय झाला ना? कबूल कर."

"झाला. पण पाण्याचा नाही, आगीचा. अन् अख्ख्या जगाचा नाही, त्या तळ्याचा."

"तळ्यातल्या गोगलगायीले विचार, जगच बुडालं का नाही ते."

तुनं भिंग खिशात घातलं. मंग म्हणे, "हे तू बरोबर बोलला." मले आठवते तेवढ्यात तू मले बरोबर म्हटल्याची ती एकच वेळ. मी बायकोले सांगाले पळत घरी गेलो. तिनं म्हटलं, "नेमकं काय बोलले होते तुमी?" अन् मले आठवे ना.

पण गावाले हे नाही आवडलं, दिवाकर. तुले मालूम होतं. हनुमान जयंतीले मारुतीसमोर पहिला नारळ फोडाचा मान तुह्या घराचा होता, तुह्या बापापासून, त्यायच्या बी बापापासून. पुढल्या साली भजन मंडळाच्या किसनरावानं तो नारळ दुसऱ्याच्या हातात देला.  मागून एकानं म्हटलं, "मास्तर देव मानत नाही, त्याले कायले?" तू देव मानत नाही असं तू कधीच म्हटलं नव्हतं. तू भजनाले येऊन टाळ वाजवत होता, अन् असे बेताल वाजवत होता का देव मानल्याशिवाय कोणी एवढी हिंमत नाही करत. तू प्रसाद दोनदा घेत होता. म्या पायलं हाय.

त्या दिवशी तू मले म्हणे, "बरं झालं, नथ्थू. नारळ फोडताना माहं मनगट दुखे." अन् हासला. पण प्रसाद नाही घेतला.

पुढची सालं आपण बगीच्यात बसून भांडलो. तू संत्रं सोले, फोडीचे सारे धागे काढे, तवर मी तीन खाऊन टाको. मी म्हणो, "आपल्यात प्रलयाची गोष्ट हाय, तिकडं दुसऱ्या धर्मात हाय, समुद्रापलीकडच्या लोकायत हाय, असं तूच म्हणतो. मंग सारे खोटं बोलून राहिले का? सगळ्यायनं मिळून ठरवलं का?"

तू म्हणे, "सगळ्यायच्या गावाले नदी हाय, नथ्थू. ज्याच्या गावाले पूर आला, त्याले वाटलं जग बुडालं. तूच म्हटलं होतं ना, गोगलगायीले विचार म्हणून."

माहंच वाक्य तू माह्यावर घाले. हे काही इमानदारीचं नाही.

मी म्हणो, "तुमचे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं. आमचं बदलत नाही."

"आमचं बदलते म्हणूनच त्याच्यावर भरोसा."

"जो माणूस रोज जबान बदलते त्याच्यावर भरोसा? त्याले त कोणी पोरगी बी देत नाही."

तू हासे, पण एकदा नाही हासला. संत्र्याचं साल हातात घेऊन बसला होता. तू म्हणे, "हे पाय, मी त्या गोष्टीले खोटी नाही म्हणत. ती माणसायची गोष्ट हाय. माणूस घाबरला होता, त्याले वाटलं कोणीतरी येऊन वाचवावं, त्यानं गोष्ट केली. चांगली केली. पण हा दगड माणसायचा नाही. हा गोगलगायीचा हाय. माणसाची बाजू सांगाले तू हाय. गोगलगायीची बाजू कोणी सांगत नाही."

म्या म्हटलं, "त तू सांग ना, मास्तर हाय तू."

अन् तुनं सांगतली. आठवते का? आपल्या गावच्या शाळेच्या वरांड्यात, दुपारी. कापडी नकाशा टांगला, त वारा त्याले गुंडाळून टाके. तू शुद्ध भाषेत सुरू झाला, "मित्रहो, आपल्या पायाखालची भूमी." मित्रहो म्हटल्याबरोबर अर्धे भिंतीले टेकले. आगीपर्यंत येता येता सरपंच घोरत होता. शेवटी तू म्हणे, काही शंका? एकानं हात वर केला. तुहा चेहरा असा उजळला! तो म्हणे, "सर, संत्र्याची फळगळ होऊन राहिली, कोणतं औषध फवारू?"

तुनं त्याले औषध सांगतलं. नीट समजावून सांगतलं. मंग नकाशा गुंडाळला अन् मोटरसायकलले बांधला. दोर म्या धरला होता. तू म्हणे, "मले सांगता येत नाही रे नथ्थू." म्या म्हटलं, "नाही गा, चांगलं झालं." मी बी झोपलो होतो. तुले मालूम होतं का नाही, मले मालूम नाही.

मंग दवाखाना. नाकात नळी, हाताले सुई. तू अर्धा झाला होता. मी संत्री घेऊन गेलो, नर्सनं खाली ठेवाले लावली. मी खुर्चीवर बसून किसनरावच्या नव्या बैलाची गोष्ट सांगाले लागलो, बैल गाडीले जुंपला का बसून जाते म्हणून. तू हात वर केला. मी थांबलो. तू कधी मले असं थांबवत नव्हता, तू मध्येच बोलून टाके.

"नथ्थू, गावात एकदा माही बाजू सांग. त्या दगडाची. तू सांगतलं त लोकं आयकतात. म्या सांगतलं त फवारणीचं विचारतात."

म्या म्हटलं, "पहिले तू उठ. नाटकच करू. तू गोगलगाय हो, मी आग होतो."

तू हासला, अन् हासताना तुले असा ठसका लागला का नर्स पळत आली अन् मले बाहेर काढलं. दारातून तुहा आवाज आला. "चुकीचं सांगतलं तरी चालन. पण एवढं सांग का त्या होत्या."

मले "हो, सांगतो" एवढंच म्हणाचं होतं. दोन शब्द. म्या दारातून हातानं शिंगं करून दाखवली, गोगलगायीसारखी. तू पायलं का नाही, कोण जाणे. चार दिवसानं तुह्या घरून सुमनवहिनीचा फोन आला.

तुही तेरवी गावात झाली. तू वहिनीले सांगून ठेवलं होतं म्हणे, मंत्र तुले वाटते तेवढे कर, पण जेवण गावात दे. मांडव मारुतीच्या पाराजवळच टाकला, दगडाच्या समोर. किसनराव सकाळीच माह्या घरी आला.

"नथ्थू, जेवणाआधी प्रलयाची गोष्ट होऊ दे. मास्तरच्या आत्म्याले शांती. कसाबी असला तरी गावचा माणूस."

म्या म्हटलं, "हो." तुले दोन शब्द म्हणता आले नाही, त्याले एक लगेच म्हटला. माहं असंच हाय.

किसनराव गेला त बायको म्हणे, "आता काय सांगणार?"

"पाहतो."

"पाहतो म्हणजे? तुमी पाह्यलं का धूळ निघते."

गोष्ट अशी हाय, दिवाकर, ते तू समजून घे. गावात माही काय इज्जत? पाणी लागत नाही, सही येत नाही. पण चतुर्मासात पारावर उभा राहिलो का लेकरं, बुढ्या, किसनराव, सगळे माह्या तोंडाकडे पाहतात. माही सारी इज्जत एका माशावर टांगलेली हाय. मंडळ त्या दगडावर टिनाचं शेड बांधून राहिलं. मीच तिथं उभा राहून म्हणाचं का बाबाहो, इथून नाव नाही गेली, म्या फेकलं होतं? तुह्या हातचा नारळ ज्यायनं काढून घेतला, ते मले काय करतीन?

मी बगीच्यात गेलो अन् झाडायले सांगून पायलं. लाख का कोटी, तेच आठवे ना. आग वरून आली का खालून? तू पंधरा साल सांगतलं अन् म्या पंधरा साल संत्री खाल्ली.

मांडवात पंगत बसली. पत्रावळी पडल्या, वाढाचं बाकी होतं. मी पारावर चढलो. तुहा फोटो समोर, चष्म्याचा, वहिनीनं घरून आणला होता. लोकं सवयीनं सरसावून बसले. लेकरायनं ओळखलं का आता मासा येते.

म्या म्हटलं, "आज मासा नाही."

मंग मले काहीच सुचे ना, म्हणून मी खाली बसलो अन् गोगलगाय झालो. दुसरं काय करणार? तुह्यासारखं मित्रहो म्हणता येत नाही मले. सांगतलं का इथं एक तळं होतं. ह्या दगडाएवढं नाही, आपल्या गावाएवढं. त्याच्यात एक गोगलगाय होती, तिची पोरं होती. ती सकाळी शेवाळ खाये, दुपारी दगडाखाली जाये. ना देव, ना राजा, ना नाव. तिले वाटे, तळं म्हणजेच जग. अन् एक दिवस पाणी गरम व्हाले लागलं. पोरायनं विचारलं, आई, हे काय? तिनं म्हटलं, काही नाही, उन्हाळा हाय. पाणी अजून तापलं. तिनं पोरायले पोटाखाली घेतलं. अन् मंग तिकडून लाल दगड आला, नदीसारखा वाहत. कापसाच्या ढिगाले आग लागते तसा. सहा लाख वर्षं झाली त्याले.

 लेकरं माह्याकडे पाहून राहिले होते. सगळ्यात मागं सरजाबाई बसली होती, आपल्या गावची सगळ्यात बुढी. तिनं डोळ्यावर हात धरून इचारलं, "अन् मंग तिले वाचवाले कोणीच नाही आलं का गा?"

दिवाकर, हा प्रश्न तुले कोणीच कधी विचारला नव्हता. मले विचारला. माह्या गोष्टीत मासा येते. तुह्या गोष्टीत कोणी येत नाही. पंधरा साल भांडण झालं आपलं, अन् भांडण एवढंच होतं, हे मले तिथं पारावर उकिडवा बसून कळलं. मले मासा आणता आला असता. जिभेवर आला होता. लोकायले बरं वाटलं असतं, सरजाबाईले बरं वाटलं असतं. मले बी. तुह्या फोटोकडे पायलं, त तू त्या चष्म्यातून वर्गात पाहाचा तसा पाहून राहिला होता.

म्या म्हटलं, "नाही माय. कोणीच नाही आलं."

ती म्हणे, "अरेरे."

एवढंच म्हटलं तिनं. मंग म्या म्हटलं, "लय लय सालानं आला एक जण. वाचवाले नाही, तवर वेळ निघून गेली होती. तो भिंग घेऊन आला. आपण सगळ्यायनं तिच्यावर शेंदूर फासला होता, त्यानं पुसला, अन् म्हटलं का तू होती. तुही पोरं बी होती. मी पायलं."  गोष्ट अशी कुठं संपत नसते, तरी संपली. मी खाली उतरलो, अन् उतरताना धोतर पारावरच्या खिळ्याले अडकलं. तवा कुठं लोकं हासले.

किसनराव माह्याजवळ येऊन म्हणे, "हे काय सांगतलं बे? शांतीचं काहीच नाही याच्यात." बरोबर म्हटलं त्यानं. पण शेड बांधणं होऊन राहिलं अजून, बंद नाही झालं. अन् तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सरजाबाई हळदकुंकू घेऊन दगडाकडे जाऊन राहिली होती. म्या म्हटलं, "माय, माशाले?" ती म्हणे, "नाही गा बाबा, त्या लेकुरवाळीले." आता याच्यात तू जितला का मी जितलो, तूच सांग.

खरं सांगू का, मले अजून बी वाटते का देव मासा होऊन आला असन कुठंतरी, कोणासाठीतरी. ते मी नाही सोडलं. सोडणार बी नाही. पण माह्या विहिरीत नाही आला तो. तिथं गोगलगायीच होत्या. एवढं मी तुह्याकडून घेतलं. तू असता त तुले हे सांगतलं नसतं, तू वर्षभर डोक्यावर बसला असता.

मले वाटलं होतं, म्या लय भारी सांगतलं. तेरवीत वहिनी कामात होत्या, पाहुणे होते, त्या काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणून काल मुद्दाम बेसाले गेलो, एसटीनं, संत्री घेऊन. वहिनीनं पाणी देलं. तुही खुर्ची तिथंच होती, मी तिच्यावर नाही बसलो, बाजेवर बसलो. इकडचं तिकडचं झालं. वहिनी तुह्याच शाळेत तीस साल गणित शिकवत होत्या, त्या आपणहून काही म्हणत नाहीत. शेवटी मलेच राहवलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी कसं झालं मंग आपलं सांगणं?"

वहिनी संत्रं सोलत होत्या. म्हणाल्या, "सहा लाख नाही भाऊजी, साडेसहा कोटी. ढिगाला लागते तशी आग नव्हती, वितळलेला दगड होता. आणि गोगलगाय पिल्लांना पोटाखाली घेत नाही, अंडी घालून निघून जाते."

"बरं. पण दिवाकर असता त?"

"त्यांनी पास केलं असतं. ते सगळ्यांनाच करत होते."

"अन् तुमी?"

वहिनीनं सोललेलं संत्रं माह्या हातात ठेवलं. एक बी धागा नव्हता त्याले.

"नापास," त्या म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला पुन्हा बसा."